मंगलाष्टकांचा करार

अमरावती
१३ सप्टेंबर २०२४

चि. केदार यास,
रमाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर दर दोन वाक्यांनी तुझे न्यायाधीश येतात आणि माझं बोलणं अर्धवट राहतं. पत्र तुला मध्येच तोडता येत नाही, फार तर फाडता येईल.

परवा गौरीजेवणाला पुष्कर आला होता. तुला आठवत नसेल, मी शाळेत शिकवायचे तेव्हा पाचवीला माझ्या वर्गात होता. गणितात अडायचा, पण आपल्याकडे जेवायला बसला की अडत नसे. आता पुण्यात त्याचं पुस्तकांचं प्रकाशन आहे. चाळीस वर्षं मी लोकांच्या लग्नात ज्या मंगलाष्टका रचून दिल्या, त्यांचं पुस्तक काढायचं म्हणतो. नुसत्या मंगलाष्टका नाहीत, कुणाचं लग्न, घरात काय गंमत झाली, ते सगळं. केदार, खरं सांगते, मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. लग्नं लागली की लोक जेवायला धावतात, मंगलाष्टक कुणाच्या लक्षात राहतं?

माझ्याकडे एकाही मंगलाष्टकाची प्रत नाही, हे तुला माहीत आहेच. कागद मुलीच्या ओटीत तांदूळ-नारळाबरोबर घालायचा, ही माझी पद्धत. आता एकेका मुलीला निरोप धाडून मागवाव्या लागतील. तुझे काका म्हणाले, निम्म्या मुली आता स्वतः सासवा झाल्या असतील.

पुष्करने शाल, नारळ आणि अकरा पानांचा करार दिला आहे. मी त्याला हो म्हटलंय. घरात वकील असताना विचारलं नाही असं नको, म्हणून झेरॉक्स सोबत पाठवते. ठीक आहे एवढं लिही म्हणजे झालं. मूळ प्रत गणपतीसमोर ठेवली आहे.

सूनबाईंना आणि जुईलीला आशीर्वाद. लोभ आहेच, उत्तर लवकर आलं तर तो वाढेल.

तुझी,
रमाआत्या

---

अकोला
१८ सप्टेंबर २०२४

ती. सौ. रमाआत्यास,
केदारचा शि. सा. न. वि. वि.

ठीक नाही. सही करू नकोस. मूळ प्रत गणपतीसमोरून उचल आणि कपाटात ठेव. आजपासून पितृपक्ष लागला आहे, तेव्हा पंधरा दिवस तू सही करणार नाहीस, एवढाच मला दिलासा.

आत्या, मी शेताच्या बांध-धुऱ्यांवरून भांडणाऱ्या भावांचे दावे चालवतो. पुस्तकाच्या करारातलं मला कळत नाही. पण जे मलाही कळलं ते सांगतो. नवव्या कलमात तू आजवरच्या सगळ्या मंगलाष्टकांचे सगळे हक्क पुष्करला कायमचे देतेस. छापायचे, गायचे, रेकॉर्ड करायचे, सगळे. चौदावं त्याहून भारी आहे. यापुढे तू त्याच्या लेखी परवानगीशिवाय कुणासाठीही मंगलाष्टक रचायचं नाही. म्हणजे उद्या शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं, तर तू आधी पुण्याला अर्ज करायचा. पुष्कर एक तर लबाड आहे, नाही तर त्याने स्वतःचा करार वाचलेला नाही.

या कामातली माणसं असतात. माझ्याकडे पूर्वी अदिती नावाची ज्युनिअर होती. नंतर ती पुण्यात बरीच वर्षं लेखकांचे करार बघत होती. वडिलांच्या आजारपणामुळे आता अकोल्याला परतली आहे आणि घरून तेच काम करते. तिला करार दाखवतो. ती फी घेते, आणि ती देणं योग्य आहे. याला नाही म्हणू नकोस.

जुईलीसाठी अंजनगाव सुर्जीचं स्थळ आलंय. मुलगा बरा वाटतो, बोलणी चालू आहेत. कुणाला सांगू नकोस, म्हणजे तुझ्या गल्लीबाहेर तरी.

काकांना नमस्कार. आशीर्वाद असू दे, आणि पेन दूर असू दे.

तुझा,
केदार

---

अमरावती
२६ सप्टेंबर २०२४

चि. केदार यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. ज्या मुलाला मी माझ्या हाताने वरणभात वाढला, त्याच्याशी भांडायला मी परकी बाई लावू? तीही पैसे देऊन? आपल्या घरी हे आजवर झालेलं नाही. आणि करार म्हणजे शेवटी कागद. माणूस चांगला असला की कागदाचं काय घेऊन बसायचं?

तरी तुझं मन राखायला मी पुष्करला लिहिलं, की माझ्या भाच्याला काही कलमं खटकली आहेत. ती पुन्हा लिहून काढायचा कंटाळा आला, म्हणून तुझं पत्रच पाकिटात घालून धाडलं. लबाड या शब्दावर शाई फिरवली आहे. पण तुझं अक्षर इतकं ठळक की खालून वाचता येतंय. लहानपणी मीच तुझं अक्षर सुधारलं, त्याचं हे फळ.

भातकुलीचे वामनराव येऊन गेले. त्यांच्या दामिनीचं मंगलाष्टक तूही ऐकलं आहेस, मंडपात बैल शिरला होता तेच लग्न. मी करार दाखवला, तर म्हणाले, मले वाचता येते, पन एवढं बारीक लिहिलं म्हंजे दाल में कुछ काला असन. त्यांना सगळीकडे काळंच दिसतं. मागे माझ्या चहातही दिसलं होतं.

जुईलीचं कुणालाही सांगितलं नाही. फक्त वामनरावांना सांगितलं, आणि ते काही आपल्या गल्लीतले नाहीत.

रागावला असशील तरी या म्हातारीवरची माया कमी करू नकोस.

तुझी,
रमाआत्या

---

अकोला
३ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

वकिलाने अशिलाला लिहिलेलं पत्र समोरच्या पार्टीला पोस्टाने पाठवणारी अशील मी इतक्या वर्षांच्या वकिलीत पाहिली नव्हती. धुऱ्यावरून एकमेकांची डोकी फोडणारे भाऊसुद्धा एवढं करत नाहीत. कोर्टातल्या बाररूममध्ये मी हे कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर दिवाळीपर्यंत चहाचे पैसे मला द्यावे लागतील.

अदितीने करार वाचला. ती म्हणाली, पुष्कर लबाड असेलच असं नाही. कादंबऱ्यांसाठी केलेला जुना मसुदा असे प्रकाशक सगळ्यांना देतात आणि लेखक बोलत नाहीत, म्हणून तो तसाच चालत राहतो. तिचं म्हणणं तीन ओळींत सांगतो. हक्क द्यायचे ते फक्त हे पुस्तक छापण्यापुरते आणि ठरावीक वर्षांसाठी. ज्यांच्या लग्नाचं मंगलाष्टक आहे, त्या घरांना ते गायला कुणी अडवायचं नाही. आणि चौदावं कलम पूर्ण काढायचं, त्यावर तडजोड नाही. तसं तिने पुष्करला रीतसर कळवलं आहे. तिच्या फीची काळजी करू नकोस, ते मी आणि ती पाहून घेऊ.

आता तुला एकच काम. काहीही करू नकोस. पुष्करचा फोन आला तर अदितीशी बोल म्हणून सांग. तो घरी आला तर चहा दे, पोहे दे, सही देऊ नकोस. वाचल्याशिवाय सही नाही, आणि वाचलं तरी सही नाही.

आज घट बसले. अंबादेवीला गेलीस की माझ्या वतीने तिच्याकडे थोडी सहनशक्ती माग. तुझ्यावर जीव आहे म्हणूनच इतका वैताग येतो.

तुझा,
केदार

---

अमरावती
१४ ऑक्टोबर २०२४

चि. केदार यास,
आत्याचे आशीर्वाद, आणि दसऱ्याचं सोनं पाकिटात आहे.

आधी सगळं वाच, मग चीड.

दसऱ्याच्या संध्याकाळी पुष्कर आला. पुण्याहून खास. हातात आपट्याची पानं, वाकून पाया पडला, काकांच्या पडला, पार्बताबाई भांडी घासत होती तिच्याही पडला. ती बिचारी इतकी दचकली की हातातली कढई पडली. मग म्हणाला, बाई, वकीलबाईंचं पत्र मिळालं, सगळ्या दुरुस्त्या आपण नंतर बघू, तो काही विषयच नाही. पण पुस्तक लग्नसराईत यायचं तर छपाईचा नंबर आत्ता लावायला हवा, आणि आजच्यासारखा मुहूर्त परत कुठला?

मी अदितीचं नाव घेतलं बरं का. एकदा घेतलं. पण केदार, साडेतीन मुहूर्तांतला एक, दारात सोनं घेऊन उभा असलेला आपला विद्यार्थी, आणि मी त्याला काय सांगू, की थांब, अकोल्याला विचारते? दसऱ्याला कुणी रिकाम्या हाताने परत जातं का आपल्या घरून? मी सही केली. अकराही पानांवर. पहिल्या पानाला कुंकू लावलं. तो दोन्ही प्रती घेऊन गेला, माझी प्रत पाठवतो म्हणाला.

तुझे काका पेढ्यांचा पुडा उघडत एवढंच म्हणाले की केदारला हे पत्राने कळव, फोनवर कळवू नकोस. म्हणून पत्र.

रागाच्या भरात स्कूटर चालवू नकोस. तुझा लोभ या वेळी मी मागत नाही, मिळेल तेव्हा घेईन.

तुझी,
रमाआत्या

---

अकोला
२४ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

आठ दिवस पत्र लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नव्हतं.

नंतर बघू म्हणजे कधीच नाही, हे कोर्टातला पट्टेवालाही सांगेल. जन्मभर मांडवात उभी राहून तू दुसऱ्यांना सावधान म्हणत आलीस. एकदा स्वतःला म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?

आता बातमी. जुईलीचं ठरलं. अंजनगावचंच. लग्न फेब्रुवारीत, इथे अकोल्यात. हॉल, साड्या, जेवण, कशावरही पोरीने एक शब्द काढला नाही. फक्त एकच म्हणाली. रमाआजीचं मंगलाष्टक हवं, माझ्या नावाचं, आणि तिनेच म्हणायचं. लहानपणापासून ती दुसऱ्यांच्या लग्नात तुझा पदर धरून उभी राहायची आणि माझ्या वेळी काय लिहिशील असं विचारायची. तुला आठवत असेल.

मी तिला चौदाव्या कलमाचं सांगितलं नाही. तूच सांग. मला जमणार नाही.

अदितीला सहीचं कळवलं तेव्हा ती आधी हसली, मग तिने चौदावं कलम पुन्हा वाचलं. तिच्या मते कोर्टात हे कलम टिकणं अवघड आहे. पण मी तुला ओळखतो. दिलेला शब्द मोडायची वेळ आली तर कोर्टाआधी तूच स्वतःला दोषी ठरवशील.

काकांना नमस्कार. त्यांना म्हणावं, पेढे पाठवू नका.

तुझा,
केदार

---

अमरावती
१८ नोव्हेंबर २०२४

चि. केदार यास,
आशीर्वाद.

जुईलीची बातमी वाचून इतका आनंद झाला आणि त्याच ओळीवर इतकं रडू आलं, की काकांना वाटलं कुणी गेलं.

तू म्हणालास ते खरं आहे. सही केली म्हणजे केली. कोर्टात टिकत नाही म्हणून मोडायची, हे मी कोणत्या तोंडाने मुलांना शिकवलं असतं? म्हणून मी पुष्करला परवानगी मागितली. मी, पुष्करला. त्याचं गोड पत्र आलं. घरच्या कार्यासाठी तो आनंदाने परवानगी देतो, फक्त रचना कार्यालयाकडे जमा करावी, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीत घेता येईल, आणि तिचे हक्क करारानुसार राहतील. खाली लिहिलंय, आपला आज्ञाधारक विद्यार्थी. जुईलीचं मंगलाष्टक मी कार्यालयाकडे जमा करू? ते तिच्या ओटीत घालायचं आहे मला.

त्याहून वाईट काल झालं. तुळशीची लग्नं लागली आणि वामनराव पत्रिका घेऊन आले. त्यांच्या नितेशचं लग्न. म्हणाले, पोरीचं तुमच्या हातानं झालं, आता पोराचं लिहा. मी म्हटलं, यंदा जमणार नाही. त्यांना वाटलं माझी तब्येत बिघडली. मी कारण सांगितलं. त्यावर म्हणाले, तुमी नाई म्हनसान त आमी कोनाच्या दारात जाव? चहा न घेता गेले. चाळीस वर्षांत माझ्या दारातून लग्नघरचा माणूस तसाच गेला नव्हता. मला लाज वाटली, केदार. त्या पुस्तकाची हौस मला इथवर घेऊन आली.

तुझ्या त्या अदितीला पाठव. तिची फी मी माझ्या पेन्शनमधून देईन. आणि हे पत्र मी पुष्करला पाठवलेलं नाही.

माझ्यावरचा राग आता तरी सोड.

तुझी,
रमाआत्या

---

अकोला
२२ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

राग शेवटून तिसऱ्या, फीच्या ओळीलाच सोडला.

अदिती येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येते आहे. तिला जेवू घाल, पण जेवणाने तिचं तोंड बंद करू नकोस. ती विचारील त्याचं सरळ उत्तर दे. त्याच दिवशी पुष्करला आग्रहाने बोलावू नकोस. हे सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

आई-बाबा असते तर हसले असते. मायेने रागावणारा,

केदार

---

अमरावती
४ डिसेंबर २०२४

चि. केदार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मुलगी बारीक आहे, पण जेवते चांगली. मला आवडली.

पुरणपोळीच्या दुसऱ्या घासाला तिने विचारलं की पुस्तकाचा मजकूर कुठे आहे. मी म्हटलं, माझ्याकडे नाही, मुलींकडे आहे. का, म्हणाली. मी सांगितलं, अगं, मंगलाष्टक म्हणून झालं की खाली लिहायचं, ही रचना चि. सौ. कां. अमुक हिची, तिच्या खाली माझी सही, आणि तो कागद ओटीत घालायचा. ओटीत घातलेलं आपण परत मागत नाही, म्हणून प्रत ठेवत नाही. तिने घास तसाच खाली ठेवला. म्हणाली, आजी, म्हणजे प्रत्येक मंगलाष्टक तुम्ही लेखी सहीनिशी त्या मुलीला देऊन टाकलं आहे. मग जे तुमचं नाहीच, ते तुम्ही दसऱ्याला पुष्करला कसं दिलंत?

मी म्हटलं, अगं बाई.

करारात तिसऱ्या कलमात मी लिहून दिलंय की या सगळ्या रचनांची मालक मी एकटी. ते खोटं निघालं. अदिती म्हणते, कोर्ट काय म्हणेल ते कोर्ट जाणे, पण कुठलाही प्रकाशक एवढं ऐकल्यावर छपाईला हात लावणार नाही. एक तर त्याने प्रत्येक मुलीची सही आणावी, नाही तर नवा करार करावा. तसं तिने माझ्यादेखत पुष्करला फोनवर सांगितलं. नीट, हळू आवाजात, रागावून नाही. मी नुसती बसले होते. फोन हिसकावून त्याला जेवलास का विचारावंसं वाटत होतं, पण नाही विचारलं.

तरी त्याला खरं वाटेना. तो स्वतः दामिनीला फोन करून बसला. आपली वामनरावांची दामिनी, कृषी विद्यापीठातून शिकून आता दर्यापूरला अधिकारी आहे. ती त्याला म्हणाली, ओटीत घातलेलं कोनी वापस मांगते काय? पुस्तकात छापाले देऊन राहिली मी, विकून नाई राहिली. हे मला पुष्करनेच सांगितलं, रडवेल्या आवाजात. मग म्हणाला, बाई, मी तुम्हाला फसवायला निघालो नव्हतो. मी म्हटलं, ठाऊक आहे रे, पण तू तुझा कागद वाचला नव्हतास आणि मीही नाही. पाचवीतही तू गणित न वाचता उत्तर लिहायचास.

अदितीला लोणचं दिलंय, त्यातली अर्धी बरणी तुझी आहे. तिच्याकडून मागून घे. माया असू दे.

तुझी,
रमाआत्या

---

अकोला
६ जानेवारी २०२५

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

बरणी अर्धी नव्हती, तळाला होती. अदिती म्हणते, तिची फी तिने त्यातून वळती केली.

नवा करार सोबत आहे. जुना रद्द झाल्याचं पहिल्याच कलमात लिहिलंय. पुष्करला फक्त पुस्तक छापायचा हक्क, पाच वर्षं. रचना ज्या मुलीची तिचीच, पुस्तकात तिचं नाव, आणि तिने हो म्हटलं तरच छापायची. चौदावं कलम नाही. पुष्करने कुरकुर न करता सही केली आहे, त्या बाबतीत मी त्याला लबाड म्हणालो ते मागे घेतो. हे मागे घेतल्याचं पत्र मात्र त्याला खुशाल पाठव.

माझी चूकही कबूल करतो. तो कागद ओटीत जाताना मी कितीतरी लग्नांत पाहिला. माझ्या स्वतःच्या लग्नातही. वकील असून कधी डोक्यात आलं नाही.

आता वाच. सगळं. पानापानाने. घाई नाही, संक्रांतीचाही मुहूर्त नाही. वाचून मगच सही कर.

जुईली तुझ्या मंगलाष्टकासाठी जीव टाकते आहे. तिला मी आता सगळी हकीकत सांगितली. लोभ कायम, वैताग तात्पुरता थांबवला आहे.

तुझा,
केदार

---

अमरावती
३० जानेवारी २०२५

चि. केदार यास,
रमाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

करार दोनदा वाचला. दुसऱ्यांदा काकांनी मोठ्याने वाचला आणि मी ऐकला. आठव्या कलमात पुष्करच्या कार्यालयाने तारीख चुकीची टाकली होती, ती अदितीला कळवून दुरुस्त करवली. तू पाहिली नव्हतीस ना? मग सही केली. कुंकू लावलं नाही, अदितीने नको म्हटलं.

नितेशच्या लग्नाला भातकुलीला जाऊन आले. वामनरावांनी मला मांडवात सगळ्यांत पुढे बसवलं, आणि मंगलाष्टक संपेपर्यंत पंगतीला कुणाला उठू दिलं नाही. बैल या वेळी बांधून ठेवला होता.

जुईलीचं मंगलाष्टक काल पूर्ण झालं. तुला पाठवत नाही, तू त्यातही कलमं शोधशील. तुझे आई-बाबा पहिल्या कडव्यात आहेत. माझ्या पदराला धरून उभी राहणारी ती लहान मुलगी दुसऱ्यात आहे. तिथे माझा आवाज फिरेल, तेव्हा तू सांभाळून घे, माझ्याकडे पाहू नकोस. तिला सांग, साडीचा पदर चांगला मोठा ठेव, ओटी भरायची आहे.

कागदाच्या शेवटी लिहिलंय, ही रचना चि. सौ. कां. जुईली हिची. त्याखाली सही करायला पेन उचललं आणि थांबले. मग चष्मा लावून पहिल्या ओळीपासून सगळं वाचून काढलं, आणि मगच सही केली.

येतो आम्ही दोघं आठ तारखेला. स्टेशनवर तूच ये.

तुझी,
रमाआत्या